दिवाळी-वाढदिवस सोडून पत्राला निमित्त शोधताय? मग खान्देशातलं वर्ष आठवा

तुमचा प्रश्न असा, की मूळ जळगावकडचे, नोकरीला पुण्यात, हातानं पत्रं-कार्डं लिहायची हौस नव्यानं लागलीय, पेनं घेतली, छान कागद घेतला, पण दिवाळी, वाढदिवस आणि न्यू इयर झालं की निमित्तच उरत नाही, आणि बिननिमित्ताचं पत्र टाकलं की लोक घाबरून फोन करतात, बाबा रे सगळं ठीक आहे ना. हे फोनचं खरंय. मी पोस्टात होते, सगळी नोकरी जळगाव-धुळे पट्ट्यात, काउंटरला बसले, सॉर्टिंग केलं, छोट्या ऑफिसचा चार्ज सांभाळला, आणि स्वतः कार्डं टाकायची सवय तर नोकरीच्या आधीपासूनची. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी दिवाळी डोक्यातून काढा भाऊ. दिवाळीत माणसाला कशाचीच कमी नसते, घर भरलेलं, मोबाईलवर दिव्यांचे फोटो धो धो येतायत, अशात तुमचं कार्ड आलं तर "अरे वा" म्हणून शोकेसमधे जातं आणि विषय संपतो. तेच कार्ड भाऊबीज उरकून पोरं-नातवंडं आपापल्या गावी गेल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास पोचू द्या. घरात दोघंच म्हातारी माणसं, चिवड्याचा डबा तळाला आलेला, दुपार खायला उठते, तेव्हा आलेलं कार्ड दोनदा वाचलं जातं, शेजारच्या जिजीला वाचून दाखवलं जातं. मला विचाराल तर लोक जमतात तेव्हाचं निमित्त दुय्यम, पांगतात तेव्हाचं खरं. पोस्टाच्या बाजूनंही तेच सोयीचं, दिवाळीच्या आठवड्यात बॅगा फुगलेल्या असतात आणि सुट्ट्या लागून आलेल्या, नंतर सगळं मोकळं.

आता आपल्या भागाचं सगळ्यात मोठं निमित्त, अखजी. पुण्यात अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानाची पानभर जाहिरात, आपल्याकडं लेकीबाळींसाठी ती दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई बसते, आमरस-पुरणपोळ्या होतात, पितरांची घागर भरून तिच्यावर डांगर (म्हणजे खरबूज) ठेवतात, गडीमाणसं पत्ते कुटत बसतात. यातनं तीन वेगवेगळी पत्रं निघतात. पहिलं बोलावण्याचं. पूर्वी मुराळी जायचा लेकीला आणायला, आता ती स्वतःच ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून येते, पण बोलावणं कागदावर आलं तर तिला ते सासरी दाखवता येतं, आणि लग्नानंतरची पहिली अखजी असेल तर हे पत्र तिच्या नावानं न लिहिता तिच्या सासूबाईंच्या नावानं लिहा, बघा काय मान वाटतो त्यांना. दुसरं पितरांचं, म्हणजे जे काका-आत्या येऊ शकले नाहीत त्यांना घागर कोणाकोणाच्या नावानं भरली ते कळवायचं आणि त्या माणसाची एखादी आठवण, तीही गंभीर नको, आजोबा डांगर पिकलंय का ते कसं वास घेऊन सांगायचे असलं काहीतरी. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात जास्त गरजेचं, ती परत गेल्यानंतरचं.

मी धाकट्या बहिणीला असंच एकदा लिहिलं होतं, साधारण असं: "चि. सौ. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णांनी निंबावरचा झोका सोडायला घेतला, अर्धा सोडला आणि म्हणाले राहू दे, गल्लीतल्या पोरी खेळतात. पोरी कुठल्या, दुपारी स्वतःच बसले होते. तुझ्या वाटणीचे आंबे आईनं पाटीत झाकून ठेवले होते, शेवटी जावयाच्या नावानं तिनंच खाल्ले." संपलं. एवढं पोस्टकार्डावर मावतं, 50 पैशांत जातं. तब्येत कशी आहे, इकडं सर्व खुशाल, हवापाणी ठीक, असलं काही लिहायची गरजच पडली नाही. निमित्त जितकं बारीक तितका मजकूर सोपा जातो, हे तुम्हाला दोन-चार कार्डांत कळेल. फक्त पोस्टकार्ड वाटेतले सगळे वाचतात हे धरूनच लिहायचं, घरातली भांडणं पाकिटात.

अखजीच्या आधीचे दोन महिने म्हणजे पापड, कुरडया, बिबडे. या दिवसांतलं पत्र म्हणजे कृती. आईला किंवा मोठ्या वहिनीला समोर बसवा आणि ज्वारीच्या बिबड्यांचं प्रमाण तिच्याच अक्षरात उतरवून घ्या, ज्वारी किती दिवस भिजवली, लसूण-मिरचीचं वाटण किती, तीळ कधी टाकायचे, मीठ "अंदाजानं" म्हणाली तर अंदाजानंच लिहू द्या. हे पाकीट ज्या पोरीचं लग्न होऊन ती बंगलोर-बडोद्याला गेलीय तिला. ती बिबडे करेल की नाही माहीत नाही, बाल्कनीत वाळवायला जागा कुठाय, पण आईच्या अक्षरातला कागद ती फेकणार नाही.

जूनमधे पत्र छोटं पाहिजे. मृग लागतो 7-8 जूनला, आणि आपल्याकडं तेव्हा बोलायला एकच विषय, पडला का नाही. आमच्या घरात याला पावसाचं कार्ड म्हणतात, पहिला मोठा पाऊस झाला त्याच दिवशी चार ओळी लिहून टाकायच्या, कुठं होतात, काय भिजलं, कोणाचं काय वाळत घातलेलं वाहून गेलं. आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झालं तेही 1 जुलै 1879 ला, म्हणजे ऐन पावसात, पाव आण्याला मिळायचं तेव्हा. पण एक पथ्य. पेरणीच्या दिवसांत गावाकडच्या माणसाला उत्तर मागणारं पत्र टाकू नका. तो शेतात, बियाणं-खताच्या मागे, दुबार पेरणीची धास्ती डोक्यावर, आणि तुम्ही विचारताय "मग काय नवीन?" राग येतो हो. त्या दिवसांत गावाला कार्ड टाकायचं तर ज्याला उत्तर लागत नाही असं टाका, उत्तरं श्रावणात मागा.

श्रावण मात्र नुसता पत्रांचाच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशची देवी, बसते, भाऊबंद रोटांच्या प्रसादाला गावी येतात, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. दर वर्षी एक तरी भाऊ असतो ज्याला सुट्टी मिळत नाही. त्याला सोमवारी संध्याकाळीच लिहायला बसा, दमलेले असाल तरी, कारण बुधवारपर्यंत सगळं फिकं होतं. कोण कोण आलं, कानबाई डोक्यावर कोणी घेतली, बँडवाल्यानं कुठलं गाणं वाजवलं, कोणती काकू नाचायला लागली की थांबेचना. व्हिडिओ त्याला ग्रुपवर मिळालेच असतील, पण व्हिडिओत काकू दिसते, काका तिच्याकडं कसे बघत होते ते दिसत नाही.

राखीचं काय सांगू, ते तर पोस्टाचं हक्काचं पीक, वॉटरप्रूफ पाकिटं पण मिळतात त्यासाठी. माझी तक्रार एवढीच की त्या पाकिटात नुसती राखी असते. चिठ्ठीच नाही! अर्धं पान लिहायला काय जातं, पाकिटाचे पैसे तर भरलेच ना. फौजेतल्या भावाला पाठवत असाल तर नंबर, रँक, नाव, युनिट आणि मार्फत 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), जे त्यानं दिलं असेल ते, एवढंच लिहायचं, तो कुठल्या गावात, कुठल्या राज्यात आहे ते पाकिटावर घालायचं नाही. तिकीट आपल्या नेहमीच्याच दराचं लागतं. आणि निदान पंधरा दिवस आधी टाका.

पोळ्याला माझा एक आवडता प्रकार आहे. ज्या आजोबांनी आयुष्यभर बैल सांभाळले आणि आता दावणीला एकही नाही, त्यांना नातवाच्या हातून कार्ड जाऊ द्या, वर बैलाचं चित्र, वाकडंतिकडं चालेल, आणि खाली एकच प्रश्न, आजोबा तुमच्या बैलांची नावं काय होती? एरवी पत्राला हात न लावणारी माणसं याला उत्तर देतात, आणि दोन-दोन पानी देतात, कुठला बैल मारका होता, कुठला कुठल्या बाजारातनं आणला, किती दाती होता सगळं येतं.

मग भुलाबाई, कुठं गुलाबाई म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. शहरातल्या भाच्या-पुतण्यांना हे नुसतं ऐकून माहीत. म्हणून महिन्याच्या सुरवातीला एक कार्ड टाकायचं, "खाऊ ओळख: वाजतो, दातात अडकतो, उपासाला चालतो", आणि उत्तर कोजागिरीच्या कार्डात. मधल्या काळात पोरगी आईला फोन करायला लावते, मामा सांग ना चिक्की का, तर सांगायचं नाही, लिहून कळव म्हणायचं. एक पोरगी अशानं पोस्टाची पेटी शोधत सोसायटीभर फिरली होती, तिला वाटलं होतं पेटी म्हणजे लिफ्टजवळचा तो बॉक्स. याच सुमारास 9 ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन येतो आणि 10 ला आपला राष्ट्रीय टपाल दिन, पोरांना पोस्ट ऑफिस आतनं दाखवायचं तर तो आठवडा बरा.

मधे पितरांचा पंधरवडा येतो. त्यात शुभेच्छा वगैरे नको, पण गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या जवळच्याला लिहायला इतका चांगला काळ नाही. वर्ष झाल्यावर लोक त्या माणसाचं नावच काढत नाहीत, आणि घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं. दसऱ्याला आपट्याचं पान, वर्तमानपत्रात आठवडाभर दाबून वाळवलेलं, ओलं घातलं तर कागदाला डाग आणि बुरशी. संक्रांतीला पाकिटात हलवा घालू नका, शिक्का मारताना काटे मोडतात आणि वाटेत मुंग्या. बस.

हिवाळ्यात निमित्तं सणाबाहेर शोधा. भरिताचा सीझन सुरू झाला की मी आमंत्रणाची कार्डं टाकते, अमुक रविवारी शेतात भरीत, कळण्याची भाकरी, येताना आपली ताटली आणणे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, पण पुण्यातल्या माणसाला तेवढ्यावर ओढून आणता येत नाही, तिथं शेकोटीत वांगी टाकल्यावर कपाशीच्या काड्यांचा धूर कसा डोळ्यात जातो, लाकडी बडगीत वांगी ठेचताना कोण हात मारतं, ते लिहावं लागतं. तुम्ही पुण्यात आहात तर उलटं करा, गावी लिहा की यंदा भरीत कधी, मी येतोय, वांगी बामणोदचीच पाहिजेत. असं पत्र मिळाल्यावर कोणी नाही म्हणत नाही.

मग जत्रा. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा बाजार, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची, बोरी नदीच्या पात्रात. जळगावला कार्तिकी एकादशीचा रामाचा रथ, 1872 पासूनचा. जत्रेतूनच लिहायचं, घरी येऊन नाही, कोरं कार्ड खिशात ठेवायचं, रसवंतीच्या बाकड्यावर बसून लिहायचं, उसाचा डाग पडला तर पडू द्या.

आणि 24 डिसेंबर लक्षात ठेवा, साने गुरुजींचा जन्मदिवस. गुरुजी अमळनेरच्या हायस्कूलात शिक्षक होते, आणि पुतणीला त्यांनी लिहिलेली पत्रं अजून वाचली जातात. आपल्या शाळेतल्या सरांना-बाईंना कार्ड टाकायचं तर हा दिवस. 5 सप्टेंबरला त्यांना ढिगानं मेसेज येतात, डिसेंबरात कोणी ढुंकून बघत नाही, त्यात सर रिटायर झालेले असले तर विचारूच नका.

अजून एक, दर 32-33 महिन्यांनी येणारं. धोंड्याचा महिना. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, कपडे, ताट, काय काय देतात, त्यात सासऱ्यांच्या हातचं चार ओळींचं पत्र बसवा. सासरे-जावई एकमेकांशी "काय मग, गर्दी होती का गाडीला" याच्या पुढं बोलत नाहीत, कागदावर बोलतात बिचारे.

आता पोस्टाच्या बाजूचं, कारण इथंच निम्मी पत्रं वाया जातात. गुढीपाडव्याला कालनिर्णय घेऊन बसा आणि सणाच्या चौकोनात खूण न करता सणानंतरच्या चौथ्या-पाचव्या चौकोनात करा, मग तिथून उलटं मोजा. मोठ्या शहरातून मोठ्या शहरात चार-पाच दिवस धरा, खेड्यात आठवडा, कारण तिथं बॅग आधी तालुक्याला, मग शाखा डाकघराला, तीही दिवसातून एकदाच. पेटीवर ती कधी उघडतात ते लिहिलेलं असतं, ते वाचा. रजिस्ट्री 2025 मधे स्पीड पोस्टमधे विलीन झालीय, पण असल्या पत्रांना ती भानगडच नको, साधं टपाल बरं.

पाकिटाला 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये. तुमचा तो जाड हँडमेड कागद, आत अजून एक कार्ड, वर लाखेचा शिक्का, हे आरामात 20 च्या वर जातं. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड होतं आणि समोरच्याकडून तुटीच्या दुप्पट घेतात, म्हणजे शुभेच्छा तुमच्या आणि दंड मावशीला. काउंटरला वजन करून घ्या, लाजू नका. फाउंटन पेन आणलंत ते हिवाळ्या-उन्हाळ्यात वापरा, जून ते सप्टेंबर सरळ बॉलपेन, निदान पत्त्याला तरी, भिजलेल्या बॅगेतून आलेला निळा ओघळ वाचायची कला आता फार थोड्या पोस्टमनकडं राहिलीय.

पत्ता लिहिताना मु. पो. डोळे झाकून लिहू नका. गावात पोस्ट असेल तरच मु. पो., नाहीतर मु. हे गाव, पो. ते गाव, मग ता. आणि जि. अर्धं गाव पाटील असतं, त्यातले चार एकाच नावाचे, म्हणून वडलांचं नाव किंवा गल्ली पाहिजेच. पिन अंदाजानं टाकू नका. जळगाव 425001, धुळे 424001 हे बघून लोक समजतात की 425 म्हणजे जळगाव जिल्हा आणि 424 म्हणजे धुळे, आणि तिथंच फसतात, चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात पण पिन 424101, नंदुरबारचा 425412.

एक गोष्ट नव्या पोरांना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगते. हल्ली क्राफ्टच्या दुकानात कोपरे कापायचा पंच मिळतो, नक्षी छान येते त्यानं. पण आपल्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, जुनी माणसं असं कार्ड हातात आलं की वाचायच्या आधीच मटकन खाली बसतात. सत्तरीच्या पुढच्या कोणालाही कोपरे शाबूत असलेलं कार्ड पाठवा. शुभ असेल तर कोपऱ्यांना हळद-कुंकवाचं बोट लावा, म्हणजे लांबूनच कळतं काही वाईट नाही. तो "सगळं ठीक आहे ना"चा फोन यानं बराच कमी होतो. वर "श्री" आणि मायना नीट असू द्या, मोठ्यांना ती., लहानांना चि., बाकी आत कितीही मोकळं लिहा, अहिराणीत लिहा ना, कोण अडवतंय.

उरलं उत्तराचं. लोकांना लिहायचं असतं पण घरात कार्ड नसतं, पेन सापडत नाही, तुमचा पत्ता कुठं लिहून ठेवला ते आठवत नाही, आणि तोवर महिना जातो. म्हणून पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड घालून द्या, त्यावर आपला पत्ता पिनसकट आधीच लिहून. माझी एक आत्या आहे, तिच्याकडून असंच कार्ड परत आलं होतं, पेन्सिलीनं, "पत्र मियनं. डोया दुखतस. आखो लिख." म्हणजे पत्र मिळालं, डोळे दुखतात, अजून लिही. पोस्टात यासाठी जोडकार्ड पण असतं, एक आपलं आणि एक उत्तराचं, पण ते काउंटरला मागावं लागतं, समोर मांडलेलं नसतं. संपलंय म्हणाले तर दोन साधी घ्या, आणि दुसऱ्यावर पत्ता तिथंच उभ्या-उभ्या लिहून टाका, घरी गेल्यावर राहतं.